"थोडंसं काम बाकी आहे" म्हणजे नेमकं किती?

आधीच सांगून टाकतो, मला गाड्यांतलं फारसं काही कळत नव्हतं पण आपल्याला कळतं असं मात्र पक्कं वाटत होतं, आणि ही दोन लक्षणं एकाच माणसात असली की जुन्या गाड्या विकणारे त्याला लांबूनच ओळखतात. आठ महिने मी रोज रात्री लिस्टिंग बघत होतो. स्क्रीनशॉटचा वेगळा फोल्डर केला होता, त्यात शेवटी १७० च्या वर फोटो झाले. बायको म्हणाली, "तुला गाडी घ्यायचीय की नुसती बघायचीय, ते एकदा ठरव बाबा." मी म्हणलं अभ्यास चाललाय.

अटी साध्या होत्या. दोन सीट, उघडणारं छत, गिअर हाताने टाकायचे आणि जोर मागच्या चाकांना. सुरुवातीला यादी लांबलचक होती. पोर्शे ९४४ लहानपणापासून डोक्यात होती, पण तिचं इंजिन असं की टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्ववर आपटतात आणि निकाल लागतो, म्हणजे बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर ती गाडी चालवत घरी आणायचीच नाही, ट्रकवर घालून आधी गॅरेजला. शिवाय १९८२ ते १९९१ अशी एवढी वर्षं ती बनली पण छत उघडणारी ९४४ अगदी शेवटी शेवटी आली, त्यामुळे हाताला लागत नाही. पहिल्या पिढीची बॉक्स्टर, १९९६ ते २००४ वाली, तिच्या लिस्टिंग भरपूर, पण प्रत्येकीखाली तोच प्रश्न, आयएमएस बेअरिंग बदललंय का. इंजिनातल्या एका शाफ्टचं हे बेअरिंग, बहुतेक गाड्यांत ते काही करत नाही, पण ज्यात करतं त्यात पूर्ण इंजिनच जातं. माझा स्वभाव असा की अशी गाडी घेतली तर मी गाणी ऐकायच्या ऐवजी बेअरिंगच ऐकत बसणार. होंडा एस२००० चं सुरुवातीचं दोन लिटरचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत पळतं, आणि अडचण तीच, की आधीच्या मालकांनी ते खरंच पळवलेलं असतं. माझदा आरएक्स-७ चं रोटरी इंजिन, त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आत किती दाब धरतं ते, साध्या गेजने धड मोजताच येत नाही, वेगळं यंत्र लागतं, ते ज्याच्याकडे आहे असा माणूस आधी शोधा. सोडून दिलं.

राहिली माझदाचीच एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली ती. पहिली पिढी १९९७ पर्यंत, बटण दाबलं की बोनेटमधून वर येणारे दिवे, वजन साधारण ९५० किलोच्या आसपास. दुसऱ्या पिढीत ते दिवे गेले, साधे आले. इंजिन, सस्पेन्शन, वजनाची विभागणी वगैरे सगळी कारणं मी लोकांना सांगायचो पण खरं कारण ते दिवे होते, बस.

या गाडीला जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणतात आणि अमेरिकेत मियाटा, त्यामुळे एकाच गाडीसाठी तीन नावांनी सर्च करावं लागतं हे मला दीड महिन्याने कळलं. आणि त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे स्पेलिंगच्या चुका. ज्याने नावच चुकीचं टाइप केलंय त्याची अ‍ॅड बाकीच्यांच्या सर्चमध्ये येतच नाही, बिचारा वाट बघत बसतो की कोणी फोन का करत नाही. मी चारपाच चुकीची स्पेलिंग सेव्ह करून ठेवली होती आणि शेवटी घेतलेली गाडी त्यातल्याच एकीवर सापडली, पण ते पुढे.

लिस्टिंगची एक वेगळीच भाषा असते, ती शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. "थोडंसं काम बाकी आहे" हे वाक्य आलं की समजायचं, काम एवढं आहे की त्याने स्वतः सुरू केलं आणि मध्येच हात टेकले. "एसीत फक्त गॅस भरायचा आहे." अरे बाबा, फक्त गॅसच भरायचा असेल तर तू का नाही भरलास? गॅस गेला तो कुठूनतरी गेलाच ना. "उभी केली तेव्हा चालत होती" हे माझं सगळ्यात आवडतं. कधी उभी केली ते मात्र लिहायचं नाही, आणि फोटोत चाकाखाली गवत गुडघाभर. "संग्राहकांसाठी" म्हणजे दार उघडत नाही. "किंमत पक्की आहे, मला गाडीची किंमत माहीत आहे" असं लिहिणाऱ्याशी बोलायच्या भानगडीत पडू नये, तो गाडी विकतच नाहीये, घरात कोणीतरी विक म्हणलंय म्हणून अ‍ॅड टाकलीय त्याने. आणि क्लासिक गाड्यांत एक "मॅचिंग नंबर्स" असतं, म्हणजे फॅक्टरीतून निघताना जे इंजिन होतं तेच अजून आहे, ई-टाइप जॅग्वार वगैरे घेणाऱ्यांसाठी ते महत्त्वाचं, किमतीत मोठा फरक पडतो. माझ्या लेव्हलच्या गाडीला पण एकाने ते लिहिलं होतं. मी विचारलं दाखवा, तर म्हणाला नंबर प्लेटवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर मॅच होतोय.

फसवणुकीचा अनुभव एकदाच, आणि तोही थोडक्यात बचावलो. लाल गाडी, किंमत बाकीच्यांच्या निम्मी, फोटो सुंदर, मालक म्हणे कामासाठी परदेशात, गाडी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात आहे, टोकन भरा, गाडी घरपोच येईल, आवडली नाही तर परत. मी चक्क बँकेचं अ‍ॅप उघडलं होतं. मग पाल चुकचुकली म्हणून फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तर तीच गाडी तीन वर्षांपूर्वी विकली गेलेली, दुसऱ्याच मालकाकडून. चासी नंबरचा फोटो मागितला तर उत्तर यायचं बंद झालं. तेव्हापासून पहिला मेसेज हाच, चासी नंबरचा फोटो पाठवा. १७ अक्षरं असतात त्यात आणि आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. नंबर मिळाला की बराच इतिहास निघतो. आणि जो देत नाही, तो का देत नाही हे शोधायची गरजच नसते. (जपानमधल्या मूळ युनोसवर मात्र १७ अक्षरी नंबर नसतो, त्यांचा चासी नंबर छोटा असतो. ते माहीत नव्हतं तेव्हा मी एका सज्जन माणसावर उगीच संशय घेतला होता, त्याने शांतपणे समजावून सांगितलं.)

मग फोटो वाचायला शिकलो. ओली गाडी असेल तर पुढची लिस्टिंग, पाण्याखाली रंगाचे सगळे ओरखडे झाकले जातात. संध्याकाळच्या सोनेरी उन्हातले फोटो पण तसेच. ऑक्टोबरमध्ये टाकलेली अ‍ॅड आणि फोटोत मागे बर्फ, म्हणजे किमान सात-आठ महिने ही विकली जात नाहीये, का बरं? दाराच्या पत्र्यात मागच्या भिंतीचं प्रतिबिंब बघायचं, सरळ रेघ कुठे लाटेसारखी हलली तर तिथे पत्रा ठोकलाय किंवा पुट्टी भरलीय. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटरवर किलोमीटर कमी, तर दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय आणि रबराला खोटं बोलता येत नाही. पण फोटोत जे आहे त्याहून जे नाही ते जास्त शोधायचं. तीस फोटो आणि त्यातला एकही खालून नाही. अठरा फोटो ड्रायव्हरच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचा एक, तोही लांबून. हे लक्षात यायला लागल्यावर माझ्या फोल्डरमधल्या निम्म्या गाड्या एका रविवारी डिलीट केल्या, अगदी जिवावर आलं होतं.

पहिली गाडी बघायला गेलो ती चार तासांवर होती. फोनवर मी एकच विनंती केली होती, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना सगळं बोलतं, धूर कसला निघतो, साखळीसारखा आवाज येतो का, टकटक किती वेळ चालते. हो हो म्हणाला. पोचलो, गाडी अंगणात उभी, डोळ्यात भरण्यासारखी, लाल, पॉलिश केलेली, आणि मी बोनेटवर सहज हात ठेवला तर गरम. म्हणलं सुरू केली होती का? तर म्हणे जागेवरून जरा पुढे घेतली. जरा पुढे घेतलेल्या गाडीचं बोनेट पोळत नाही हो.

मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं, ते पत्र्याला लावलं की आकडा दाखवतं. फॅक्टरीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, परत रंगवलेला असेल तर दुप्पट वगैरे. बोनेटवर १२०, दारावर १३०, मी खूष. मागच्या चाकाच्या वरच्या कमानीवर लावलं तर ते यंत्र काही दाखवेचना, म्हणजे पत्रा एवढा खोल गेलेला की वर नुसती पुट्टी. वरून कीर्तन आतून तमाशा. टायरवर भरपूर नक्षी होती, पण टायरच्या कडेला एक चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तो वाचला तर दोन टायर ११ सालचे आणि दोन १४ चे. नक्षी आहे कारण गाडी पळालीच नाही, आणि रबर दगड झालंय. मालक बाजूला उभं राहून म्हणत होता की अजून दोघंजण संध्याकाळी येतायत. मी म्हणलं येऊ द्या. परत येताना चार तास मात्र मला स्वतःचाच राग येत होता, कारण एवढं सगळं दिसूनही मनात कुठेतरी चाललंच होतं की कमान काय, करून घेता येईल, दिवे किती मस्त उघडत होते.

दुसरी गाडी म्हणजे माझी चूक. ती लिस्टिंग इतकी कंटाळवाणी होती की मी दोनदा पुढे ढकलली. हिरवी गाडी, ढगाळ दिवशी काढलेले सहा फोटो, त्यातला एक जमिनीवर झोपून खालून काढलेला. खाली लिहिलेलं, एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, सगळी बिलं आहेत, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलला त्याची तारीख, छत कधी बदललं, आता गुडघ्यामुळे एवढ्या खाली बसून उठता येत नाही म्हणून विकतोय. मी काय केलं, तर पहिल्या गाडीचा अनुभव ताजा असल्यामुळे अति शहाणपणा केला. अजून २३ फोटो मागितले. काकांनी सगळे पाठवले, एकेक. मग मी म्हणलं तपासणीला मेकॅनिक पाठवतो, पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या. काका म्हणाले, "हरकत नाही, पण आज एकजण येतोय बघायला, त्याला आवडली तर मी थांबवू शकणार नाही, तुम्हाला सांगून ठेवतो." संध्याकाळी मेसेज आला, गाडी गेली, तुम्हाला चांगली मिळो. त्या लिस्टिंगवर "विकली" अशी पट्टी लागलेली मी पुढे महिनाभर बघत होतो. संशय कुठे घ्यायचा ते शिकलो होतो, तो कधी थांबवायचा ते शिकलो नव्हतो.

मध्ये ऑनलाइन लिलाव पण करून बघितला, त्यात फार रमलो नाही. शेवटच्या मिनिटाला बोली आली की घड्याळ परत दोन मिनिटं वाढतं आणि त्या दोन मिनिटांत माणूस जे करतो ते त्याने सकाळी शुद्धीवर असताना केलं नसतं. मी माझा आकडा कागदावर लिहून ठेवला होता म्हणून वाचलो, म्हणजे दोनदा ओलांडला, तिसऱ्यांदा बायकोने लॅपटॉप बंद केला.

आणि मग ती चुकलेल्या स्पेलिंगवाली. निळी, १९९१ ची, १.६ लिटर. अ‍ॅडमध्ये अर्ध्याहून जास्त मजकूर गाडीत काय बिघडलंय याचाच होता. डावा दिवा उजव्यापेक्षा हळू उघडतो. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलीय. थंड असताना वरून टिकटिक येते. डाव्या सिलला, म्हणजे दाराखालच्या पट्टीला, मागच्या टोकाला गंज आहे, फोटो क्रमांक ९ बघा. आणि खरंच फोटो क्रमांक ९ मध्ये गंज होता, शेजारी माप कळावं म्हणून पेन ठेवलेलं. मी फोन केला. गाडी एका बाईंची होती, त्यांच्या भावाने वापरलेली, तो आता दुसरीकडे राहतो, आणि दाराशी पडून आहे म्हणून त्या विकत होत्या. म्हणाल्या, "हे बघा, मला गाडीतलं काही कळत नाही, भावाने जे सांगितलं ते सगळं लिहिलंय, तुम्ही माणूस घेऊन या आणि हवं तेवढं बघा, चहापाण्याला थांबा, पण परत परत येऊ नका."

यावेळी मेकॅनिकला बरोबर घेऊन गेलो, त्याच आठवड्यात. बोनेट थंडगार. पहिल्या किल्लीत सुरू झाली, वरून टिकटिक आली, मेकॅनिक म्हणाले ते हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, म्हणजे व्हॉल्ववरचे तेलाच्या दाबावर चालणारे छोटे भाग, तेल जुनं झालं की या गाड्या अशाच वाजतात, घाबरू नका. मग त्यांनी टॉर्च घेऊन इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे बघितलं आणि खाचा मोजल्या. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं, तिथली पुली पकडून ठेवणाऱ्या छोट्या पट्टीची (तिला चावी म्हणतात) खाच झिजून पुली डुगडुगायची, पुढे कंपनीने ते टोक लांब आणि जाड केलं. पुलीला चार खाचा असल्या तर जुनं, आठ असल्या तर नवं. आठ होत्या. १९९१ मध्ये दोन्ही सापडतात म्हणून मोजावं लागतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं आलं. आणि बेल्ट तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व वाकत नाहीत हे ऐकून मला ९४४ ची आठवण आली आणि बरं वाटलं.

मग जॅकवर घेतली. मेकॅनिकनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर ठोकत ठोकत पुढून मागे नेलं, टण टण टण टण आणि शेवटी थप. डावीकडे थप येणार हे माहीतच होतं. उजवीकडे गेले, टण टण टण, आणि तिथेही मागे एका जागी जरासं थप. ते अ‍ॅडमध्ये नव्हतं. बाईंना दाखवलं, त्यांनी वाकून बघितलं आणि भावाला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला, "अरे उजवीकडे पण आहे म्हणतायत." तो म्हणाला, "ताई, तेव्हा नव्हतं." दोन वर्षं उभी होती गाडी, त्यात झालं असणार. घासाघीस म्हणाल तर ती एवढीच, वेल्डिंगचा खर्च मेकॅनिकनी सांगितला, तो निम्मा निम्मा केला. कागदावरचं नाव भावाचं होतं म्हणून त्याच्या सहीचं पत्र येईपर्यंत आठ दिवस मी पैसे दिले नाहीत, बाईंनीच उलट तसं सांगितलं. गाडीवर कर्ज नाही ना ते तपासलं, चासी नंबर पत्र्यावरचा आणि कागदावरचा एकेक अक्षर मोठ्याने वाचून जुळवला. मी वाचत होतो आणि त्या टिक करत होत्या.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि सकाळी सीटच्या मागचा गालिचा ओला. माझ्या पोटात गोळा. छत फाटकं असेल म्हणून तासभर पाइपने पाणी मारत शोधलं, छत ठणठणीत. मेकॅनिकना फोन केला तर हसले, म्हणाले सीटबेल्टच्या मागे दोन्ही बाजूंना भोकं आहेत, छतावरचं पाणी तिथून नळीने खाली जातं, ती तुंबली की पाणी आत साचतं आणि सिल सडतात ते याच्यामुळेच, वायर घाला. म्हणजे दोन्हीकडच्या थप आवाजाचं मूळ तिथे होतं, आणि आठ महिने पत्रा, रंग, पुली, बेल्ट सगळं वाचलं पण या दोन भोकांबद्दल मी कोणालाच विचारलं नव्हतं. लवचीक वायर घेऊन हळूहळू ढकलत गेलो, आधी काही नाही, मग मागच्या चाकाच्या पुढे खालून भसकन काळं पाणी, कुजलेली पानं, एक मुंगळा, आणि सगळ्यात शेवटी एक छोटा स्क्रू पडला. तो कुठला आहे ते अजून सापडलेलं नाही.